बाबांच्या कापडाची व्यवस्था

मी, बू यन-सिल, वय सत्तेचाळीस, दिवंगत बू मान-गिल यांची थोरली मुलगी, राहणार गामनाम-गोल, जेजू बेट, व्यवसाय छायाचित्रे काढून ती उन्हाने कापडावर उमटवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणी धाक दाखवलेला नाही.

या जागी 'बुद्धी शाबूत असताना' असे लिहायची रीत आहे. ते लिहिताना हात थांबला. माझ्या उजव्या डोळ्यामागे एक वाढ झाली आहे आणि पुढच्या महिन्यात सोलच्या रुग्णालयात कवटी उघडून ती काढायची आहे. डॉक्टरांना बरीच आशा आहे. तरीही ज्याच्या डोक्यात अशी भानगड आहे त्याने आपल्या बुद्धीची ग्वाही आपणच द्यावी, हे मला पटेना. म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शेजारच्या कांग ओल-ह्वा सामचुन यांनाही विचारले. (वडीलधारी बाई असो वा बाप्या, आमच्या गावात हाक 'सामचुन' अशीच मारतात.) त्या म्हणाल्या, "होतीस तेवढीच वेडी आहेस. वाढली नाहीस, उतरलीही नाहीस." हा दाखला मला जास्त भरवशाचा वाटतो.

यंदा सहावा महिना दोनदा आला आहे. अधिक महिन्यात देवांचे आणि पितरांचे आपल्याकडे लक्ष नसते, म्हणून मरणाची कामे लोक याच महिन्यात उरकून घेतात. मी आत लिहीत आहे आणि बाहेर ओसरीच्या फळ्यांवर माझी आई, को गान-नान, आणि कांग सामचुन आईची जाण्याची वस्त्रे शिवत बसल्या आहेत. कोरे पांढरे तागाचे कापड आहे. धाग्याला गाठ मारायची नाही, उसवून पुन्हा शिवायचे नाही. अधिक महिन्यात ही वस्त्रे शिवून ठेवली की माणूस जास्त जगतो म्हणतात, त्यामुळे दोघी मजेत आहेत. मी काय लिहिते आहे हे आईला ठाऊक आहे. सकाळी तिने मला बजावले, "रांगेत मी पुढे आहे. मध्ये घुसायचं नाही."

कलम पहिले: देह. माझे दहन करावे आणि राख बाबांच्या थडग्याभोवतीच्या दगडी गडग्याच्या आत, पण थडग्याला न लागता, मातीत मिसळावी. वर गवत उगवले तर बाकीच्यांचे कापतील त्या दिवशी माझेही कापावे, आधी नको. विधीला फोटो लागतो. सारा जन्म फोटो काढण्यात गेला, पण माझा स्वतःचा धड फोटो नाही. ओळखपत्रावरचा मोठा करू नये, त्यात मी काहीतरी उचलून नेताना सापडल्यासारखी दिसते. शहरात माझ्या फिल्म धुऊन देणारे मून सांग-इल यांच्याकडे एक आहे, त्यात मी पाठमोरी आहे. तो ठेवावा. कोणी नाक मुरडले तर त्याला मुळ्याचे सारण भरलेले कुट्टूच्या पिठाचे गरम धिरडे वाढावे.

मला नवरा नाही, मूल नाही. या दोन्हींबद्दल विधीच्या वेळी कोणी हळहळू नये.

कलम दुसरे: घर. घर आणि अंगण यांतील माझा अर्धा हिस्सा मी माझा धाकटा भाऊ बू गी-चल याला देते. अट एकच. आई हयात असेपर्यंत अंगणातले पर्सिमनचे झाड तोडू नये. गी-चलने नवी गाडी घेतली त्या वर्षी ती सावलीत लावता यावी म्हणून त्याने झाडाची दक्षिणेकडची फांदी उतरवली. सर्वांत जास्त फळ तिलाच यायचे, आणि गाडीला सावली तीच देत होती. दोन्ही गोष्टी त्याला फांदी खाली पडल्यावर कळल्या. या फांदीचा राग मी आज सोडत आहे. पितरांचे लक्ष नसताना सोडलेला राग धरला जातो की नाही, हे मला माहीत नाही.

कलम तिसरे: बँकेतील ठेव आईला. यात लिहिण्यासारखे काही नाही.

कलम चौथे: हत्यारे. लाकडी पेटीचा मोठा कॅमेरा, त्याची भिंगे आणि तिकाटणे नावापुरते गी-चलला, पण त्याने ते मून सांग-इल यांच्या दुकानात ठेवायला द्यावेत. ते म्हणतील, मला काय करायचेत, दुकान बंद करतो आहे. तरी द्यावेत. दुकान बंद करण्याची घोषणा ते दरवर्षी करतात. रंगासाठी फळे कुटायची लाकडी परात आणि बडवणे कांग सामचुनना द्यायचे मनात होते, पण मून यांच्याप्रमाणे त्याही या मृत्युपत्राच्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बरंच झालं. मला हवं होतं ते मी आधीच नेलंय." त्याबद्दल सहाव्या कलमात लिहिले आहे. परात आणि बडवणे गावच्या महिला मंडळाला द्यावे, म्हणजे तिथून ते सामचुन उसने नेतील.

कलम पाचवे: कापडे. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण वाद व्हायचा तर तो इथेच होईल.

पावसाळा सरला की पर्सिमनची कच्ची, तुरट फळे कुटून रस काढायचा, सुती कापड त्यात भिजवायचे आणि उन्हात पसरायचे. कापड आधी पिवळट असते, ऊन खाऊन खाऊन ते विटकरी होते. बेटावर कामाचे कपडे असेच रंगवतात. ते घामाने अंगाला चिकटत नाहीत, काट्यांना दाद देत नाहीत, लवकर कुजत नाहीत. मी यात माझी फक्त एक गोष्ट घातली. ओल्या कापडावर मी मोठी फिल्म ठेवते, वर काच. जिथे ऊन पोचते तिथे कापड काळवंडते, जिथे पोचत नाही तिथे फिकट राहते. मग फिल्म काढून पुन्हा पाणी, पुन्हा ऊन, हळूहळू चित्र येते. मी बहुतेक थडग्यांवरच्या गवताची चित्रे काढली. वर्षातून एकदा सारे गाव कोयते घेऊन ते कापते, त्याच्या आदल्या दिवशी, गवत सर्वांत उंच असताना. कापलेल्या गवताच्या काड्या नंतर त्याच कापडात टाक्यांनी अडकवल्या.

पण हे चित्र कधी थांबत नाही. उन्हात नेले की कापड पुन्हा काळवंडू लागते आणि गवत त्यात बुडत जाते. अंधारात गुंडाळून ठेवले तर आहे तसे राहते. मी कापडे पेटीत ठेवते आणि पाहायची वेळ आली की दर वेळी विचार करते, हे पाहणे कापडाला किती महाग पडेल.

सोलमधल्या एका संग्रहालयाला ही सगळी मालिका कायमची ठेवून घ्यायची आहे. तिथल्या यू बाई दोनदा येऊन गेल्या. सभ्य, हुशार बाई आहेत. बूट काढायच्या आधी आईला नमस्कार करतात. कापडे थंड, अंधाऱ्या कोठारात राहतील, शंभर वर्षे आजच्यासारखीच दिसतील, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या दोन अटी आहेत. एक, प्रत्येक कापड पूर्ण झाले आहे असे मी लिहून द्यावे. दोन, बाबांचे कापड मालिकेत हवेच, कारण माणसाचा चेहरा त्या एकाच कापडावर आहे. ते नसेल तर त्यांना बाकीचेही नकोत.

गी-चलचे मत आहे की मी हो म्हणावे. हे तो पैशासाठी म्हणत नाही, तसे मनात आणणारा मला ओळखत नाही की त्याला. परवा फोनवर तो म्हणाला, "ताई, तुला काही झालं तर तुझं म्हणून काय उरणार? हे तरी उरू दे." मलाही उरायचे आहे. संग्रहालयाच्या भिंतीवर पाटी आणि पाटीवर माझे नाव, असे चित्र डोळ्यांपुढे आले की मला बरे वाटते. हे इथे लिहिले नाही तर पुढचे सगळे खोटे ठरेल.

कलम सहावे: विजार. एके वर्षी वाऱ्याने एकाएकी ढग आणले तेव्हा मी शहरात होते. शेजारधर्म म्हणून कांग सामचुननी आमच्या दोरीवरचे सगळे कापड काढून घरात नेले. त्यातले एक कापड बिघडलेले, टाकाऊ आहे असे समजून त्यांनी त्याची विजार शिवली. त्या कापडावर बाबांच्या थडग्यावरचे पहिल्या वर्षीचे गवत होते. मी भांडायला गेले, तेव्हा त्या विजार घालून संत्र्याच्या बागेत तण काढत होत्या. गवताचे चित्र आहे हे दिसले नाही का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "डाग दिसले. म्हटलं, पोरीला अजून नीट रंगवता येत नाही."

पुढचा हंगाम मी त्यांच्याशी बोलले नाही. थडग्यांचे गवत कापायच्या दिवशी त्या मदतीला आल्या आणि बाबांच्या गडग्यात ओणव्या झाल्या. खरे गवत गुडघ्यांपर्यंत आणि त्याच्यावर, मांड्यांवर, गेल्या सालचे गवत. त्या पुढे सरकत तशी दोन्ही गवते हलत होती. कॅमेरा माझ्या हातात होता. मी चित्र काढले नाही, त्यांच्या शेजारी बसून गवत उपटू लागले. ती विजार आता जवळजवळ काळी आहे. ती सामचुनची आहे, होती आणि राहील. संग्रहालयाने किंवा माझ्या वारसांनी ती मागू नये. यू बाईंनी एकदा मागून पाहिली होती. सामचुननी विचारले, मग बागेत काय घालू?

कलम सातवे: बाबांचे कापड. हे कलम मी बरेच दिवस कोरे ठेवले होते.

बाबा कॅमेऱ्यापुढे कधी बसले नाहीत. मरणानंतर विधीत ठेवलेला फोटो ते लष्करात असतानाचा, कानांना टोपी टेकलेला. आईने तो पाहून म्हटले होते, "या मुलाला मी ओळखत नाही." म्हातारपणीचे त्यांचे एकच चित्र आहे. रस काढायचा दिवस ठरवायला ते दरवर्षी झाडाखाली उभे राहून एक कच्चे फळ चावत. जीभ टाळूला चिकटेल इतके तुरट लागले की म्हणत, "आज कुटा." त्या वर्षी मी अंगणात कॅमेरा लावून झाड टिपत होते. बाबा चालत आले, फळ चावले आणि माझ्याकडे पाहिले. ओठ आत ओढलेले, एक डोळा मिटलेला, नाकाला सुरकुत्या. मी कळ दाबली. त्याच दिवशी कुटलेल्या रसात भिजवलेल्या कापडावर ते चित्र उमटवले. पुढच्या वर्षी फळ चावायला ते नव्हते.

फिल्म ओल्या कापडाला टेकते, रस तिच्यात मुरतो आणि ती कामातून जाते. एक फिल्म, एक कापड. आधी दुसरी प्रत काढून ठेवा असे मून सांग-इल दर वेळी सांगतात आणि मी दर वेळी ऐकत नाही, कारण प्रत असली की उन्हापुढे माझा हात निष्काळजी होतो. म्हणून ते तुरट तोंड फक्त त्या कापडावर आहे.

आणि ते काळवंडत चालले आहे. पावसाळा संपला की आई पेटीतले सगळे कपडे उन्हात घालते, बाबांचे कापडही. मी घालू नकोस म्हणते, ती हो म्हणते, आणि मी घरात नसताना घालते. दरवर्षी ते आणखी दाट होते. मिटलेला डोळा आता शोधावा लागतो. मागच्या वर्षी मी चिडून म्हटले होते की अशाने बाबा दिसेनासे होतील. आई कपडे झटकत म्हणाली, "शेतात राबणारा माणूस काळवंडणारच. तू काय त्याला पावडर लावून ठेवणार?"

या कलमात मी आधी दोन वेगवेगळे मजकूर लिहिले होते. एकात कापड संग्रहालयाला, दुसऱ्यात आईला. पहिला मजकूर वाचला की आईचे रिकामे हात दिसत. दुसरा वाचला की गी-चलचा फोनवरचा आवाज ऐकू येई. शिवाय अशी शंका येई की आईला द्यायचे म्हणते आहे ते आईसाठी की मी फार उदार आहे असे मागे लोकांनी म्हणावे म्हणून. शेवटी काल दुपारी मी दोन्ही कागद घेऊन ओसरीवर गेले आणि विचारले.

संग्रहालयाचे सगळे मी प्रामाणिकपणे सांगितले. थंड कोठार, शंभर वर्षे, माझे नाव. घरी ठेवायला मोठा, स्वच्छ फोटो काढून देतील हेही सांगितले. आईने सुई थांबवली नाही.

"अंधारात ठेवणार?" तिने विचारले.

मी म्हटले, हो, नाहीतर टिकणार नाही.

"एकदा पुरलंय ना त्याला," आई म्हणाली. "पुन्हा कशाला?"

फोटोचे काय, असे मी विचारले. ती म्हणाली की फोटो कागदाचा असेल. हे कापड ज्या दिवशी वाळले त्या दिवशी बाबा अंगणात होते, याच रसाने त्यांचे तोंड वाकडे झाले होते.

मग मला वाटले की ती काय मागते आहे ते मला कळले. मी म्हटले, हे कापड तुझ्या जाण्याच्या वस्त्रांत घालू या, आत, छातीपाशी. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिले आणि कांग सामचुन खो खो हसल्या.

"ऐका हिचं. कॉलेजात शिकलेली बाई," त्या म्हणाल्या. "रंगवलेलं कापड कामाचं असतं गं. जाताना कोण कामाचे कपडे घालून जातं? वर गेल्या गेल्या तण काढायला लावतील हिला."

"आणि तिथेही अंधारच," आई म्हणाली. "मला जाकीट हवंय. बागेत घालायला. उन्हात."

मी सांगितले की उन्हात रोज घातले तर दोन-तीन उन्हाळ्यांत चेहरा उरणार नाही. ती म्हणाली की तिचे गुडघे पाहता तेवढेच उन्हाळे तिलाही पुरतील. आणि चेहरा गेला तरी कापड राहील, कोपराला झिजेल, मग ठिगळ लावता येईल. हे सगळे तिने स्वयंपाकाचे बोलावे तसे सांगितले.

सामचुननी तोवर पेटी उघडून कापड बाहेर काढले होते आणि विती घालून पाहत होत्या. तोंड कुठे घ्यायचे, असे त्यांनी विचारले. पाठीवर घेतले तर सलग बसेल. आई म्हणाली, पाठीवर नको, मग गावाला दिसेल आणि मला नाही. समोर घेतले तरी तेच, असे सामचुन म्हणाल्या, आपली छाती आपल्याला कुठे दिसते. आईने थोडा विचार केला.

"समोर घे, पण उलटं लाव," ती म्हणाली. "मी खाली वाकून पाहिलं की मला सरळ दिसेल."

मी दुसरा कागद पुढे केला आणि म्हटले, ठीक आहे, मग हेच लिहिते, माझ्या पश्चात कापड आईला.

आई पहिल्यांदाच शिवण खाली ठेवून माझ्याकडे पाहू लागली. "माझ्या पश्चात म्हणजे? जाकिटासाठी मी काय तुझ्या मरणाची वाट बघत बसू?"

म्हणून सातवे कलम येणेप्रमाणे. बाबांचे कापड मी आईला दिले आहे, काल, अधिक महिन्यात, दोन्ही हातांनी. माझ्या मृत्यूच्या वेळी ते माझ्या मालमत्तेत नसेल. त्यावर माझ्या वारसांचा, संग्रहालयाचा किंवा माझ्या नावाचा हक्क नाही. जाकिटावरचा चेहरा उलटा आहे ही चूक समजून कोणी ती दुरुस्त करू नये. आईनंतर ते जाकीट ज्याच्या अंगाला येईल त्याने घालावे. गी-चलच्या अंगाला ते थोडे आखूड होईल, पण बाबांनाही त्यांचे सगळे कपडे आखूडच व्हायचे.

बाकीच्या कापडांबाबत यू बाईंना आजच कळवले आहे की बाबांचे कापड मिळणार नाही, आणि 'पूर्ण झाले' असे मी लिहून देऊ शकत नाही, कारण ते खरे नाही. तरीही त्यांना बाकीची हवी असतील तर गी-चलने ती द्यावीत. नको असतील तर ती त्याच्याकडे राहू द्यावीत. त्याने ती अंधारात ठेवावीत की उन्हात, हे मी ठरवत नाही. एवढेच, की माझी आठवण आली तर त्याने त्यांतले एखादे बाहेर काढून बघावे. थोडे झिजेल. चालेल.

हे सर्व मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांच्यासमोर माझे नाव लिहून शिक्का उठवला आहे.

बू यन-सिल (शिक्का)
गामनाम-गोल, जेजू
१२ ऑगस्ट २०२५, अधिक सहाव्या महिन्याचा एकोणिसावा दिवस

साक्षीदार पहिले: मून सांग-इल, फिल्म धुण्याचे दुकान, जेजू शहर. वाचून दाखवल्याप्रमाणे बरोबर आहे. कॅमेरा ठेवून घेईन, पण दुकान खरोखरच बंद करतो आहे.

साक्षीदार दुसऱ्या: कांग ओल-ह्वा, शेजारीण. सगळं ऐकलं. कापड बेतून झालं आहे. बाह्या लांब ठेवल्या आहेत, तुझ्या आईला ऊन लागतं. गळ्याचं शिवायचं ठेवलंय, ऑपरेशन करून आलीस की बटणं तू लाव.